अॅलर्जी : नाही

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मोतीबाईने दंड मागे ओढला. सुई टोचायची राहिली.

धडगावच्या त्या खासगी दवाखान्यात सुईला घाबरणारे रोज येतात. मोतीबाई घाबरलेली दिसत नव्हती. तिने दोन्ही गालांपुढे तळवे गोल धरले आणि पावरी बोलीत काहीतरी सांगितले.

"काय म्हणतेय?" डॉ. हेमकांतांनी विचारले.

"मागच्या पावसाळ्यात याच पेनिसिलीनच्या इंजेक्शनने तोंड सुजलं होतं, सर. इथंच." परिचारिका रंजनाबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "मी नोंद केली होती."

डॉक्टरांनी संगणकाकडे बोट केले. मोतीबाईच्या नावाखाली होते : अॅलर्जी – नाही.

"केली होती, की करायची राहिली?"

रंजनाबाईंनी स्वतःचे नाव उघडले. सल्फाच्या गोळीने त्यांच्या अंगावर चट्टे उठतात, हे डॉक्टरांनाही ठाऊक होते. तिथेही होते : नाही.

नोंदींचा हा प्रोग्राम लिहिणारा मुबीन नंदुरबारला बसतो. रंजनाबाईंनी त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"नोंदी जागावरच शेतस, ताई. त्या 'नाही'वर दाबा, येतीन."

त्यांनी मोतीबाईच्या नावाखालचे 'नाही' दाबले. पडद्यावरचे चक्र बराच वेळ फिरले. मग पेनिसिलीन आले, खाली रंजनाबाईंचे नाव आणि तारीख.

"मंग पहिलेच का बरं येतस नही?" रंजनाबाईंनी विचारले.

"तुम्हना तठे रेंज कितली शे? सगळं एकदम मांगं तं पानच उघडे ना. म्हनीसन सोमवारपासून, दाबशात तवयच येई, असं करं."

"आनि 'नाही' कोन्ही लिखं?"

"जागा रिकामी दिसे तं डॉक्टर सरेसना फोन उना व्हता. प्रोग्राम अर्धा शे, म्हने. मंग तठे 'नाही' टाकी दिधं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग माउस स्वतःकडे ओढून ते सकाळपासूनचे रुग्ण एकेक करून उघडू लागले. प्रत्येक नावापुढे चक्र फिरत होते. पहिल्या दोघांना खरोखरच काही नव्हते. तिसरा वाहरू. त्याला नऊच्या सुमारास हेच इंजेक्शन दिले होते.

चक्र थांबले. पेनिसिलीन.

रंजनाबाईंनी वाहरूचा नंबर फिरवला. संपर्क क्षेत्राबाहेर. जीपच्या थांब्यावर विचारले, तर त्याची जीप पावणेदहालाच घाटाकडे निघाली होती.

साडेअकरापर्यंत फोन लागलेला नव्हता.