तिच्या नावाचं कार्ड

दातांच्या लॅबमध्ये ती अकरा वर्षं काम करत होती. डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणात दात बसवायचे, मग कवळी गरम पाण्यात शिजवून पक्की करून, घासून, चकचकीत करून परत पाठवायची. ज्यांची तोंडंही कधी पाहिली नाहीत अशा शेकडो माणसांचा घास तिच्या हातच्या दातांनी चावला जात होता. लॅबमध्ये सगळे तिला मावशी म्हणत. हात असा सफाईदार की मालक अवघड कामं मुद्दाम तिच्या टेबलावर आणून ठेवत, आणि उशिरा का होईना, पगारही बरा वाढवत गेले होते.

पगार तिच्याच नावावरच्या खात्यात जमा व्हायचा. खात्याचं एटीएम कार्ड मात्र नवऱ्याच्या पाकिटात असायचं. यात कुणाची जबरदस्ती नव्हती. खातं उघडलं त्या दिवशी तो म्हणाला होता, "दे इकडे, तू हरवशील," आणि तिने दिलं होतं. तो नोंदणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. अक्षर मोत्यासारखं, आयुष्यात एक कागद गहाळ केलेला नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो तिला खर्चाला पैसे काढून देई. वर मागितले तर तेही देई. नाही असं कधी म्हणत नसे. फक्त विचारायचा, "कशाला?"

एका दुपारी तिची धाकटी बहीण ऑफिसच्या जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटल लॅबपासून दोन गल्ल्यांवर होतं. हातावरचं प्लास्टर न धुताच ती धावली. सोबत चिमणी आली. चिमणी म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरची पंचविशीतली मुलगी. तोंडाचा पट्टा दिवसभर सुरू, म्हणून हे नाव पडलेलं. बहिणीला आत नेलं होतं. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, आधी वीस हजार भरा, मग पुढचं.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो एक ते चार झोपायचा आणि फोनचा आवाज बंद करून ठेवायचा. तिने अकरा वेळा लावला.

"बाई, जरा बाजूला उभ्या राहा," काउंटरवरचा म्हणाला. "मागे लोक आहेत."

ती बाजूला झाली. खात्यात सव्वा लाख होते हे तिला ठाऊक होतं, आणि पर्समध्ये तीनशे दहा. चिमणीने आपलं क्रेडिट कार्ड काढलं, मशीनला लावलं, आणि पावती तिच्या हातात दिली.

सव्वाचारला नवऱ्याचा फोन आला. "एवढे मिस्ड कॉल? घर पेटलं होतं की काय?"

दुसऱ्या दिवशी त्याने बँकेतून पैसे काढले, पाकिटात घातले, पाकिटावर सुंदर अक्षरात 'आभारी आहोत' लिहिलं आणि चिमणीला द्यायला तिच्याकडे दिलं. वागण्यात त्याची कुठे खोट काढता येत नसे.

पण काउंटरशेजारची ती पंधरा मिनिटं तिच्या घशाखाली उतरेनात. तीन दिवस ती टेबलावरून मान वर न करता साचे घासत राहिली. चौथ्या दिवशी चिमणीच म्हणाली, "मावशी, तुमचं स्वतःचं एक क्रेडिट कार्ड घ्या. रोज नका वापरू. असल्या वेळेला तरी हाताशी असेल."

"मला कोण देतंय या वयात?"

"तुम्हाला पगार आहे ना? मग तेच तुम्हाला शोधत असतात."

जेवणाच्या सुट्टीत दोघी कार्ड निवडायला बसू लागल्या. चिमणीने तीन बँकांची माहितीपत्रकं आणली. पहिलं कार्ड काळं, सोनेरी अक्षरांचं, बघूनच भारी.

"याच्यावर विमानतळावर फुकट बसायला मिळतं," चिमणी म्हणाली. "सोफे, खाणं, सगळं."

"मला बसमध्ये बसायला मिळत नाही, मी विमानतळावर कशाला जाऊ बसायला?"

दुसऱ्या कार्डावर पेट्रोलवर सूट होती आणि तिच्याकडे सायकलही नव्हती. तिसरं साधं होतं. निळं. पॉइंट कमी, पण वर्षाची फी नाही, कधीच नाही. तिला ते आवडलं, तरी तिने लगेच हो म्हटलं नाही. साच्यावरचा बुडबुडा शोधायची तिची भिंगाची काच होती; ती घेऊन तिने मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचायला घेतला.

"हे 'किमान देय रक्कम' म्हणजे काय गं? हजार रुपयांचं बिल आलं, तर पन्नास भरले तरी चालतात?"

"चालतात, पण भरायचे नाहीत. उरलेल्यावर व्याज लागतं. महिन्याला साडेतीन टक्के."

तिने मनात बाराने गुणलं. "म्हणजे वर्षाला बेचाळीस. आणि वर 'किमान' असं गोड नाव. हसून दात दाखवायचे आणि मग चावायचं, तसलंच हे."

"म्हणून तर पूर्ण बिल भरायचं, तारखेच्या आत. आणि कार्डावरून रोख कधीच काढायची नाही, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज सुरू."

हे सगळं तिने एका कागदावर लिहून घेतलं. मर्यादा जास्त मागायची नाही. तीस-चाळीस हजार पुरे. दोन आठवडे विचार करून तिने निळं कार्ड पक्कं केलं. लग्नानंतर घरातली भांडीसुद्धा तिने एकटीने निवडली नव्हती, त्यामुळे तिला स्वतःचंच थोडं हसू आलं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो वाटाणे सोलत होता. ती मनात भांडायची तयारी करून आली होती, पण तो म्हणाला, "बरं आहे की. आण अर्ज, मी भरून देतो. तुझं अक्षर त्यांना लागायचं नाही."

त्याने अर्ज खरोखर भरून दिला. चष्मा लावून, पट्टी ठेवून, प्रत्येक रकान्यात एकेक अक्षर. तिच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून आणल्या, जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारल्या. तिने सह्या केल्या. लॅबमध्ये तिने चिमणीला सांगितलं, "बघ, उगाच घाबरत होते मी. माणूस तसा वाईट नाही."

अठरा दिवसांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. कारण म्हणून एक ओळ: पडताळणी पूर्ण होऊ शकली नाही.

तिला वाटलं वय आड आलं, नाहीतर लॅब लहान म्हणून असेल, नाहीतर बँकेतल्यांना एका नजरेत कळलं असेल की या बाईला यातलं काही कळत नाही. लॅबमध्ये तिने दोन दिवस विषयच टाळला. नवऱ्याने मात्र चांगलं सांभाळून घेतलं. "असू दे," तो म्हणाला, "आपल्यासारख्यांचं ते काम नव्हे. मी आहे ना." त्या आठवड्यात तो स्वतःहून बाजारात गेला आणि तिच्यासाठी मऊ तळव्यांच्या चपला घेऊन आला. दिवसभर उभं राहून तुझे पाय दुखतात, म्हणाला. तिचे डोळे भरून आले.

चिमणीला काही हे पटेना. "पडताळणी झाली नाही म्हणजे काय? लॅबमध्ये तर कुणाचा फोन आला नाही. जाऊन विचारा तरी."

म्हणून शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती बँकेत गेली. तिथल्या बाईंनी अर्जाचा नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही नोकरी सोडताय ना?"

"मी? नाही."

"इथे तसं लिहिलंय. फोनवर पडताळणी केली तेव्हा घरच्यांनी सांगितलं, अर्जदार पुढच्या महिन्यात नोकरी सोडणार आहेत आणि त्यांना आता कार्ड नको आहे."

"कुणी सांगितलं?"

बाईंनी अर्जाची प्रत काढून तिच्यापुढे सरकवली. "हा नंबर तुमचाच ना?"

अर्जदाराचा मोबाईल क्रमांक, या रकान्यात, मोत्यासारख्या अक्षरात, नवऱ्याचा नंबर होता. सही करताना तो तिला दिसला होता. शाळेच्या फॉर्मपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत सगळीकडे त्याचाच नंबर असे, त्यामुळे तिला काही खटकलं नव्हतं.

"पाणी हवंय का?" बाईंनी विचारलं.

"नको. नवा अर्ज द्या."

तिने तिथेच उभ्याने अर्ज भरला. अक्षर वेडंवाकडं आलं, एक रकाना खोडून पुन्हा लिहावा लागला. नंबर स्वतःचा घातला, कार्ड पाठवायचा पत्ता लॅबचा.

घरी आली तेव्हा तो खिडकीशी बसून नखं कापत होता, खाली वर्तमानपत्र पसरून.

"बँकेत गेले होते," ती म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. दोन नखं कापून झाल्यावर म्हणाला, "हो, मीच सांगितलं त्यांना."

तो नाकबूल जाईल असं तिला वाटलं होतं. त्यासाठी तिने वाटेत वाक्यं जुळवली होती, ती वाया गेली.

"का?"

"तुझ्या भल्यासाठी. ती कार्डं म्हणजे गळ असतो. चांगल्या चांगल्यांची घरं बसली त्यात. तुला सवय नाही, उद्या दुकानात उभी राहशील आणि हे घे, ते घे."

"मी काही घेणार नव्हते."

"मग हवं कशाला?"

तिने खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "विचारावं लागू नये म्हणून."

"मी कधी तुला नाही म्हटलंय? एकदा तरी? सांग."

"नाही म्हटलं नाहीत. पण लग्न झाल्यापासून बत्तीस वर्षं विचारायला लावलंत. आणि पसंत नव्हतं तर अर्ज फाडायचा होतात माझ्यासमोर. भरून कशाला दिलात?"

त्याने वर्तमानपत्राची नीट घडी घातली, आतली नखं सांडणार नाहीत अशी, आणि केराच्या डब्यात टाकून आला.

"माझं एटीएम कार्ड द्या," ती म्हणाली.

त्याने पाकीट काढलं, कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं. शेजारी विजेचं बिल, पाण्याचं बिल आणि वाण्याची वही ठेवली. "घे. मग आता सगळं तूच बघ."

तो बोलला तसंच वागला. त्या महिन्यापासून त्याने पेन्शनमधून घरात काही घातलं नाही, आणि मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला लागला.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात होती.

"आई, बाबा रडत होते फोनवर. या वयात त्यांना असं तोडून बोलायचं?"

"त्यांनी काय केलं ते सांगितलं का तुला?"

"सांगितलं. चुकलं त्यांचं, पण काळजीनेच ना? आणि एका कार्डासाठी एवढं? माझंसुद्धा यांच्याच कार्डावरचं जोडकार्ड आहे. काही घेतलं की यांना मेसेज जातो. मला कुठे काय वाटतं?"

तिला विचारावंसं वाटलं, खरंच वाटत नाही का गं. पण पलीकडून जावयाचा आवाज आला, कुणाशी बोलतेस, आणि मुलगी घाईने म्हणाली, "आईशी. ठेवतेच आता." फोन बंद झाला तरी ती उगाच तो कानाला लावून उभी राहिली.

निळं कार्ड तीन आठवड्यांनी लॅबवर आलं. चिमणीने टाळ्या वाजवल्या, मालकांनी चहा मागवला. तिने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. नाव तिचंच होतं, फक्त मधे नवऱ्याचं नाव होतं, कारण कागदपत्रांवर तसंच होतं. पहिल्या महिन्यात तिने त्यावर बहिणीसाठी आधाराची काठी घेतली आणि वाण्याचं सामान भरलं. बिल आलं त्याच दिवशी पूर्ण भरलं. कुणी काही विचारलं नाही. बरं वाटेल असा तिचा अंदाज होता. थोडं वाटलंही, पण ते सांगायला घरी कुणी नव्हतं. बहीण तेवढी म्हणाली, "ताई, काठी भारी आहे गं, पण तुझ्या घरात मात्र माझ्या पायामुळे आग लागली." नाही म्हणायला तिला जमलं नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नवऱ्याचा पुढचा दात पडला. एरवी असं काही झालं असतं तर तिने ठसा स्वतः हातात घेतला असता, मालकांनी पैसेही घेतले नसते. तिने विचारलं, "आमच्याकडे टाकू का काम?"

"नको," तो म्हणाला. "मी बघतो माझं."

पंधरा दिवसांनी तो नवा दात लावून जेवायला बसला. अजून दोघं एकाच टेबलावर जेवत, एवढं एक उरलं होतं. तिने समोरून एकदाच पाहिलं. दुसऱ्या कुठल्यातरी लॅबचं काम होतं. रंग शेजारच्या दातांपेक्षा दोन छटा पांढरा, आणि उंचीही किंचित जास्त. दोन महिन्यांत खालचा दात दुखायला लागणार हे तिला तिथल्या तिथे कळलं. दहा मिनिटांचं घासकाम होतं.

"कसा बसलाय?" तिने विचारलं.

"उत्तम," तो भाताकडे बघत म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि जेवत राहिली.