चारशे सत्तावीसला हाक

"पाहा ना धावजीभाऊ, पुन्हा बाहेर फेकलं याले," इंदुताई म्हणाली. "माह्या हातालेच काही दोष हाय का?"

सूतगिरणीच्या तपासणी-खोलीतला कॉम्प्युटर कालच दुरुस्त होऊन आला होता, आणि सकाळपासून तिसऱ्यांदा टोकन रिंगमध्ये, म्हणजे गिरणीतले सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या वायरच्या कड्यात, शिरून बाहेर पडला होता. बारा वाजता नागपूरचे साहेब येणार होते. सहाही टेबलांवरचे कॉम्प्युटर चालू दिसले तर ही जुनी रिंग राहील, आणि तिच्यासोबत ती सांभाळणारा धावजी राठोड. नाहीतर दोघांचीही सुट्टी.

"हात चांगला हाय तुमचा," धावजी म्हणाला. पण मान काही वर केली नाही.

आता ही रिंग म्हणजे अगदी तांड्यासारखी बघा. नायकाचा निरोप जसा झोपडी-झोपडीने फिरतो, तसा इथला निरोप एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे गोल फिरतो. प्रत्येक जण पत्ता वाचतो, आपला नसला की पुढे ढकलतो. ज्याचा असेल तो ऐकून घेतो, त्यावर 'मिळाला' अशी खूण करतो, आणि निरोप फिरत फिरत पाठवणाऱ्याकडेच परत येतो. नवा कुणी आत शिरला की आधी काय करतो, तर स्वतःच्याच पत्त्याला हाक मारून बघतो. दुसऱ्या कुणी ओ दिली, की मुकाट्याने बाहेर.

इथे कुणीतरी ओ देत होतं. कोण, ते धावजीला पक्कं ठाऊक होतं.

कॉम्प्युटरमधल्या रिंगच्या कार्डावर कंपनीतूनच कोरून आलेला लांबलचक पत्ता त्याला कधी आवडलाच नाही. तो आपल्या हाताने पत्ता घालायचा आणि शेवटी त्या खुर्चीवर बसणाऱ्याचा हजेरी नंबर. या तपासणी-खोलीत त्याचा दोस्त भीमराज बसायचा, नंबर चारशे सत्तावीस. तीन वर्षांपूर्वी भीमराज वारला आणि त्याच पावसाळ्यात वीज पडून त्याचा कॉम्प्युटरही बंद पडला. तेव्हा धावजीने स्टोअरमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याला तो नंबर देऊन टाकला. कामासाठी नाही हो. रोज आल्यावर चारशे सत्तावीसला एक हाक मारायची, खूण होऊन परत आली की मगच चहा.

आणि आता साहेब येणार म्हणून दुरुस्त होऊन भीमराजचा कॉम्प्युटर परतला होता, पोटात तोच नंबर घेऊन.

धावजी स्टोअरमध्ये गेला. डब्याच्या बटणावर बोट ठेवून जरासा थांबला. मग दाबलं, डबा बंद केला.

"लागलं भाऊ," इंदुताईचा आवाज आला. "पन पडद्यावर हे चारशे सत्तावीस कोनाचं? मी तं सहाशे अकरा."

"भीमराजचं."

धावजी तपासणी-खोलीत परत आला, तशी ती म्हणाली, "मंग राहू द्या ना. मले काय फरक पडते."

"नाही बाई. खुर्चीवर तुमी बसता."

त्याने नंबर पुसला, तिचा घातला.

साहेब साडेबाराला आले. उभ्या उभ्याच फिरून सहाही पडदे पाहिले. "बढिया. सोमवारी वायफाय लावून राह्यलो आपन. हे वायर भंगारात देऊन टाका."

"पन साहेब, सहाही चालू हायेत."

"पाह्यलं ना मी. म्हनूनच तं बढिया म्हनलं."

गाडी पांढरकवड्याच्या रस्त्याला लागली. धावजी आपल्या खुर्चीत बसला आणि त्याने चारशे सत्तावीसला हाक मारली. निरोप इंदुताईच्या टेबलावरून गेला, गोदामातून गेला, वजनकाट्यावरून, ऑफिसातून, गेटवरून गेला. प्रत्येकाने पत्ता वाचला, पुढे ढकलला. 'मिळाला'ची खूण न होता, गेला तसाच कोरा परत आला.

ज्याने पाठवला त्यानेच तो उतरवून घ्यायचा, असा रिंगचा नियम. धावजीने उतरवून घेतला. इंदुताईने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.