बटणाचा दोरा

सुईत दोरा ओवायचा तर त्याचं टोक आधी तोंडात धरून ओलं करावं लागतं. माझे वडील तसंच करायचे, मीही तसंच करतो, आणि त्यापायी आज पुन्हा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलो होतो.

मागे माझ्या शिलाईच्या दुकानात चोरी झाली, तेव्हा याच लोकांनी माझ्या गालात आतून कापसाची काडी फिरवून नेली. "मास्तर, चोराचा डीएनए वेगळा ओळखायचा तर तुमचा लागतो. काम झालं की टाकून देऊ," म्हणाले. चोर काही सापडला नाही. तेव्हापासून सापडतोय तो मीच. कुठे घरफोडी झाली, तिथे तुटकं बटण मिळालं, की दोऱ्यावर माझी थुंकी! अहो, अर्ध्या गावाची बटणं मीच लावलीत. जीप दुकानापुढे थांबली की आलेलं गिऱ्हाईक समोरच्या शिंप्याकडे वळतं. बायको म्हणते, चोर सोडून संन्याशाला फाशी. मला आता रागवायचंही त्राण उरलेलं नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस तसा वाईट नव्हता.

"ठीक आहे मास्तर, जा घरी."

"साहेब, माझा तो नमुना तेवढा काढून टाका. दुकान बसायची वेळ आलीय."

"तो आता वरच्या कॉम्प्युटरमध्ये गेला. आत घालायची सोय आहे, बाहेर काढायची नाही. आणि घाबरता कशाला? कर नाही त्याला डर कशाला?"

मी गुडघ्यांवर हात टेकून उठलो.

"आलाच आहात तर एवढं लावून द्या की," साहेब म्हणाले. त्यांच्या वर्दीचं खिशावरचं बटण लोंबत होतं.

सुईदोरा माझ्याजवळ असतोच. सवयीने टोक तोंडाशी नेलं आणि हात थांबला. उद्या हे बटणही कुठे गळून पडलं तर? मी दोरा त्यांच्यापुढे धरला.

"साहेब, जरा तुम्हीच ओला करता?"

"द्या की." त्यांनी हसत दोरा घेतला, ओठांपर्यंत नेलाही. मग हसू थांबलं. दोरा ओला न करताच त्यांनी परत माझ्या हातात दिला.

"राहू द्या मास्तर," म्हणाले, आणि लोंबतं बटण तोडून स्वतःच्या खिशात टाकलं.