वडिलांच्या नावाखालची रेघ

आमच्या दोआन घराण्याच्या वेबसाइटला वंशावळीचं मॉड्यूल जोडायचं होतं, आणि ते मी करावं असं मोठ्या काकांनी ठरवलं. वेबसाइट आधीपासून होती. तिच्यावर पूजाघराचे फोटो, वार्षिक पूजेचं आमंत्रण आणि परीक्षेत चमकलेल्या मुलांची नावं एवढंच असे. वंशावळीची तयार मॉड्यूल मिळतात. मी दोन-तीन बसवून दाखवली. काकांनी प्रत्येक वेळी चष्मा कपाळावर सरकवून एकच विचारलं, "ह्यात मुलींची पोरंबाळंसुद्धा का दिसतात?"

तयार मॉड्यूलला आई आणि बाप सारखेच. आमच्याकडे तसं नाही. मुलीचं नाव येतं, ती कुठल्या गावी दिली ते येतं, आणि त्याखाली कोरं. ज्याला मुलगा नाही त्याच्या नावाखाली आडवी रेघ, म्हणजे ती शाखा संपली. मी गणित शिकलेली. नियम स्पष्ट असला की मला बरं वाटतं, आणि हा नियम तर कोडमध्ये सहज बसला. पण चाचणीसाठी मी वडिलांचं नाव टाकलं, आणि पडद्यावर ती रेघ उमटली.

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. मी त्यांची एकुलती एक. मला एक मुलगी, थाओ. गावच्या घरात वडिलांच्या नावाने उदबत्त्या लावायचा राखेने भरलेला कुंडा आई सांभाळत होती. तिच्यानंतर तो हनोईला माझ्याकडे यावा आणि वंशावळीत वडिलांच्या खाली माझी शाखा चालावी, एवढंच मला हवं होतं. काकांना एकदा विचारून पाहिलं. ते रागावले नाहीत. चहा ओतत म्हणाले की पोरी, तुझी जागा आता तुझ्या सासरच्या वंशावळीत. ती वंशावळ मी पाहिली आहे. तिच्यात मी नवऱ्याच्या नावाशेजारी 'पत्नी, दोआन घराण्यातील' एवढीच आहे.

म्हणून मी मॉड्यूलमध्ये एक जादा रकाना ठेवला, 'पुढे कोणामार्फत'. तिथे घराण्यातलं कुठलंही नाव जोडलं की रेघ पुसली जाई आणि शाखा त्या नावातून पुढे चाले. नाव बाईचं की पुरुषाचं, हे रकाना विचारत नव्हता. काकांना मी सांगितलं की जुन्या पिढ्यांत दत्तक झालेत, त्यांच्यासाठी लागेल. काकांनी तो रकाना बारकाईने समजून घेतला, स्वतः वापरून पाहिला आणि माझं कौतुक केलं. मग मी वडिलांच्या रकान्यात माझं नाव भरून त्यांच्या मंजुरीसाठी पाठवलं. पूजेच्या दिवशी बोलू, असा निरोप आला.

पूजेला वंशावळ दाखवायला अंगणात पडदा लावला होता. पुरुषांच्या चटया पडद्यासमोर; आम्ही बायका चुलीच्या बाजूला उकडलेल्या कोंबड्यांचे तुकडे ताटांत लावत होतो. माझं सगळं लक्ष पडद्याकडे. धाकट्या काकू म्हणाल्या, "हिएन, तुझं ते मॉड्यूल पोट भरत नाही हो. सुरी चालव." बायका हसल्या. मीही हसले.

काका एकेक पिढी उलगडत गेले. म्हातारे आपलं नाव सापडलं की शेजाऱ्याला कोपराने ढोसत होते. मॉड्यूल कुठेही अडकलं नाही. मग वडिलांचं नाव आलं. खाली रेघ नव्हती.

रेघेच्या जागी बाखचं नाव होतं. बाख म्हणजे धाकट्या काकांचा दुसरा मुलगा. त्याच्याखाली त्याचा मुलगा. माझं नाव बाजूला होतं, खाली कोरं.

मोठ्या काकांनी माइकवरून जाहीर केलं की बाख आता माझ्या वडिलांचा वारस, आणि कुंडा आजच त्याच्या घरी जाईल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पूर्वी असा वारस बसवायचा म्हणजे वहीत खाडाखोड. लोक बोलायचे. पोरीने अशी सोय केली, की जोड कुठे आहे ते कळतसुद्धा नाही."

टाळ्या वाजल्या.

आई नळापाशी वाट्या धूत होती. मी विचारलं, तुला हे माहीत होतं का?

"मीच हो म्हटलं," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग मी कशाला आहे?"

"तू आहेस गं. पण मी गेल्यावर माझ्या आणि बाबांच्या पुढ्यात भात कोण ठेवणार? तुझ्या घरात तुझ्या सासरची गेलेली माणसं बसलीत देव्हाऱ्यावर. आमचा कुंडा त्यांच्या शेजारी ठेवू देईल का तुझा नवरा? विचारलंस त्याला?"

विचारलं नव्हतं. रकान्यात चुकीचं नाव भरलं तर काय, एकच नाव दोनदा आलं तर काय, हे सगळं मी तपासलं होतं. एवढं राहिलं.

जेवणं उरकल्यावर बाख माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. माझ्याहून लहान, भिडस्त मुलगा. "ताई, रागावू नकोस. मला बोलावून सांगितलं, मी मान डोलावली," म्हणाला. आणि थोडं थांबून, "पोराच्या फोटोत डोकं कापलं जातंय. जमेल का बघायला?"

चूक माझीच होती. उभे फोटो मी धरलेच नव्हते. तिथेच चटईवर लॅपटॉप उघडून दुरुस्ती केली. माझ्या वडिलांच्या खाली त्या पोराचं डोकं पूर्ण दिसायला लागलं.

बाखने बायकोला हाक मारून दाखवलं. मग त्याने हळूच विचारलं, कुंडा स्कूटरवर नेला तर चालेल, की गाडी करू?

"गाडी कर," मी म्हटलं. "राख सांडते."