सहा महिन्यांचा शिक्का

कुवेतमधल्या घरात शुक्रवारची जेवणं आटोपली की राजाभाऊ टेबलाशी फोन ओढून बसत. चष्मा पुसत, पाण्याचा ग्लास हाताशी घेत आणि झांबियातल्या एका मिशनच्या दवाखान्याचा लांबलचक नंबर फिरवत. चार-पाच वेळा नुसतीच खरखर ऐकू येई. मग कुणीतरी सिस्टर उचले आणि "थांबा, आली आली" म्हणे. पाठोपाठ धापा टाकत जुईलीचा आवाज येई. गावातून दवाखान्यापर्यंत ती सायकल दामटत आलेली असे.

"बाबा, आधी आईला सांगा, मी इथे गोरी झाले!"

मे महिन्यात गेल्यानंतरचा तो पहिलाच फोन होता. गावातली पोरं तिला बघून 'मुझुंगु, मुझुंगु' करत मागे लागली होती. मुझुंगु म्हणजे गोरी परदेशी बाई.

लीनाताई पलीकडून ओरडल्या, "बरं झालं! एवढी वर्षं हळद-साय चोळून जमलं नाही ते तिथे उन्हात जमलं म्हणायचं."

जुईली राजाभाऊंची एकुलती एक लेक. वाढली कुवेतमध्ये, शिकली पुण्यात. बी.एड. झाली आणि नोकरी शोधायची सोडून एका स्वयंसेवी संस्थेतर्फे दोन वर्षांसाठी झांबियातल्या खेड्यात शिकवायला निघाली. राजाभाऊ आधी रागावले होते. पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात देखभालीचं नियोजन करणारा माणूस, कोणत्या पंपाचं काम कोणत्या तारखेला निघणार ते वर्षभर आधी सांगणारा. त्यांना हे बिनहिशेबी वाटलं. पण दोन-तीन शुक्रवार गेले आणि त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला.

कारण जुईली सगळं सांगायची. पत्र्याचं छप्पर दुपारी कसं तडतडतं, हापशावरून डोक्यावर बादली आणताना अर्धं पाणी अंगावर कसं सांडलं, मग वर्गातल्या मुलींनी हसत हसत पाण्यावर पानांची डहाळी कशी टाकली आणि थेंबही कसा सांडला नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा सगळे हातानंच खातात, तीही हातानंच खायला बसली तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. "आणि आई, भोपळ्याच्या पानांची भाजी करतात, दाण्याचं कूट घालून! डोळे मिटून खाल्ली तर आपल्याच घरची."

आणि मग ती वर्गाकडे वळायची. तिथे राजाभाऊ खुर्चीत पुढे सरकायचे.

त्यांना खरं तर मास्तर व्हायचं होतं. नाशिकला कॉलेजात असताना ते गल्लीतल्या पोरांना गणित शिकवत. पुढे घराची जबाबदारी आली, कुवेतची नोकरी आली आणि शिकवायला एकटी जुईली उरली. तिला त्यांनी फरशीवर खडूनं गणित शिकवलं होतं. चुकली तरी "चूक" हा शब्द न उच्चारता.

सातवीच्या वर्गात चांडा नावाची मुलगी होती. वयानं मोठी, मध्येच दोन वर्षं शाळा सुटलेली. सातवीची परीक्षा बोर्डाची. त्यात पास झालं तरच पुढची शाळा. चांडा तोंडी हिशेब फडाफडा करायची, पण अपूर्णांक आले की अडायची. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, कारण चार तीनपेक्षा मोठे, यावर ती ठाम होती.

"तिला चूक म्हणू नकोस," राजाभाऊ म्हणाले. "तिचं तिलाच कळू दे. भाकरी घे आणि..."

"बाबा, इथे कुठली भाकरी? गोळा असतो. गोळ्याचे चार भाग सारखे होत नाहीत."

तो आठवडाभर राजाभाऊंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कारखान्यात मीटिंग चालू असताना ते कागदावर काठ्या काढत बसले. पुढच्या शुक्रवारी विचारलं, "तिथे ऊस आहे का गं?"

"ढीगभर! पोरं दिवसभर चघळतात."

"मग दोन सारखे ऊस घे. एकाचे तीन तुकडे, एकाचे चार. चांडालाच तोडायला लाव आणि म्हण, तुला हवा तो एक तुकडा उचल."

त्यानंतरच्या शुक्रवारी जुईलीनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "बाबा, तिनं तीनमधला उचलला! हात तिथेच थांबला आणि मग एवढी हसली, एवढी हसली... आता खालच्या वर्गाला तीच शिकवते."

राजाभाऊंनी ही गोष्ट कारखान्यात इतक्यांना सांगितली, की लोक त्यांना हेडमास्तर म्हणू लागले. त्यांनीही तक्रार केली नाही. मुलेंगा सातचा पाढा गाण्यात म्हणतो, मवापेला फळा दिसत नाही म्हणून पुढे बसवायला हवी, हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं. तो वर्ग जुईलीचा होता तेवढाच त्यांचाही होता.

ऑगस्टमध्ये शाळेला महिनाभर सुट्टी होती. जुईली म्हणाली, "बाबा, मी येऊन जाऊ का? शिक्क्याचं काम होईल."

शिक्क्याचं काम म्हणजे काय, ते कुवेतमधल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं. इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, असलेल्या माणसानं सलग सहा महिने देशाबाहेर काढले की परवाना रद्द. म्हणून भारतात शिकणारी मुलं दर सहामाहीला चार दिवस का होईना, इथल्या विमानतळावर उतरून पासपोर्टवर शिक्का घेऊन जात. जुईली पुण्यात असताना तिच्या या फेऱ्या राजाभाऊंनी पंपाच्या देखभालीसारख्या आखल्या होत्या. एकही चुकू दिली नव्हती.

पण त्या शुक्रवारी त्यांच्या डोळ्यांसमोर चांडा होती. "शिक्क्याचं नंतर बघू गं," ते म्हणाले. "पोरं आत्ता कुठे रुळावर आलीत. सुट्टीत वर्ग घे. दशांश उरकून टाक."

जुईलीनं वर्ग घेतला.

ऑक्टोबरात लीनाताई स्वतःचा पासपोर्ट शोधायला कपाट उघडून बसल्या आणि त्यांनी बोटांवर महिने मोजले. "अहो, जुईलीचे सहा महिने कधी भरतात? मेच्या सुरुवातीला गेली ना ती?"

राजाभाऊंच्या हातातला चहा तसाच राहिला. दोनच आठवडे उरले होते. आणि परीक्षा नेमकी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

शुक्रवारी जुईली स्पष्टच म्हणाली, "बाबा, शक्य नाही. इथून राजधानीपर्यंत बस, मग विमान बदलत यायचं, परत जायचं. परीक्षा होऊन जाईल. आणि नंतर बघू असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो. पण इकामा गेला तर इथे तुझं काही राहणार नाही."

"तुम्ही आहात की."

राजाभाऊंना ते ऐकू आलं, पण पोचलं नाही. नव्वद साली ते सगळे रजेवर नाशिकला गेले होते आणि मागे कुवेतमध्ये युद्ध झालं. वर्षभरानं परतले तेव्हा घराच्या दाराला कडीसुद्धा उरली नव्हती. दहा वर्षांच्या जुईलीनं रिकाम्या खोलीत उभं राहून विचारलं होतं, "माझी खोली हीच का?" तेव्हापासून कागद पक्का असला की घर पक्कं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

खालच्या मजल्यावर दापोलीचे यूसुफभाई राहत. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्यांचं. राजाभाऊ त्यांच्याकडे जाऊन बसले.

"अवो राजाभाऊ, रद्द झाला तर होऊ दे," यूसुफभाई म्हणाले. "नंतर व्हिजिट व्हिसावर बोलवा. माझी मेहविश नाय येत? महिनाभर ऱ्हाते, माझं डोकं खाते आणि जाते."

"तुमची मेहविश सासरी गेली. जुईलीचं घर हेच आहे."

"मंग तिला खरं सांगा ना, की तुम्हाला भ्या वाटतंय. शिक्क्याचं कशाला पुढं करता?"

राजाभाऊ वर आले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी फोन लावला आणि जुईलीनं "हॅलो" म्हणताच बोलून टाकलं, "आईला बरं नाही. छातीत दुखतंय तिच्या. तू ये."

पलीकडून लहान आवाजात आलं, "येते, बाबा."

फोन ठेवून ते वळले, तर लीनाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"मला आजारी पाडलंत?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे. शिक्का झाला की सांगू सगळं."

लीनाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. परत फोन लावा, असं त्या म्हणू शकल्या असत्या. पण लेकीला बघून त्यांनाही सहा महिने होत आले होते. त्या आत निघून गेल्या.

जुईली आली त्या दिवशी राजाभाऊ विमानतळावर गेले. शिक्का झाला. वाटेत तिनं दहादा विचारलं आणि दहाही वेळा ते "घरी चल, बघशीलच" म्हणाले. दार उघडलं तर घरभर चकल्यांचा वास. दिवाळी होऊन गेली होती, पण लेक येणार म्हणून लीनाताई पुन्हा तळायला बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत पिठाचे.

जुईली दारातच थांबली. आईकडे बघितलं. मग बाबांकडे.

"कुठल्या डॉक्टरकडे नेलं?" तिनं विचारलं.

राजाभाऊ खाकरले. त्यांच्या आधी लीनाताईच बोलल्या, "मला काही झालं नाही, बाळा. चुकलं आमचं. मी अडवायला हवं होतं यांना."

"नियमच असा आहे गं," राजाभाऊ घाईघाईनं म्हणाले. "एकदा रद्द झाला की..."

जुईली ओरडली नाही. तिनं बॅग उघडली आणि शेंगदाण्यांनी भरलेलं एक फडकं काढून टेबलावर ठेवलं. "चांडाच्या घरून आहेत. आजारी माणसाला द्यायचे म्हणून भाजून दिलेत. रविवारी त्यांच्या चर्चमध्ये सगळ्यांनी उभं राहून आईसाठी प्रार्थना केली. नावानं. त्यांना लीना म्हणता येत नव्हतं, मी तीनदा सांगितलं."

गॅसवर एक घाणा करपला, तरी कुणी हललं नाही.

परतीच्या विमानात जागा लवकर मिळेना. त्या दिवसांत राजाभाऊंनी तिला समुद्रावर नेलं, तिच्या आवडीचा खजूर आणला, इकाम्याचे नियम पुन्हा पुन्हा समजावले. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. चूक झाली एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. आयुष्यभर पोरांना "चूक" न म्हणण्याची सवय केलेला माणूस. स्वतःच्या बाबतीतही तो शब्द त्यांना सापडेना. ती परत पोचली तेव्हा परीक्षा संपली होती.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी भीत भीत विचारलं, "चांडाचा पेपर कसा गेला?"

"ती बसली नाही."

"का?"

"तिचा काका तिला सरोवरावर मासळी वाळवायला घेऊन गेला. गेल्या वेळीही तो आला होता, तेव्हा मी दारात उभी राहिले होते." ती थांबली. "या वेळी मी नव्हते, बाबा."

राजाभाऊ म्हणाले, "पुढच्या वर्षी बसेल."

"बघू."

त्यानंतरही ती दर शुक्रवारी फोनवर येई. तक्रार करायला जागा नव्हती. तब्येत ठीक, पाऊस ठीक, शाळा ठीक.

"सध्या काय शिकवतेयस?"

"पुस्तकात आहे ते."

"टक्केवारी आली का? मी एक युक्ती..."

"अजून नाही आली, बाबा. आईला द्या ना."

नवे सहा महिने भरत आले तेव्हा राजाभाऊंनी शिक्क्याचा विषय काढला नाही. कपाटही उघडलं नाही. एका शुक्रवारी जुईलीच म्हणाली, "बाबा, इकामा या महिन्यात जाईल. जाऊ दे. इथलं संपलं की मी पुण्यातच नोकरी बघीन."

"जाऊ दे," राजाभाऊ म्हणाले. पाण्याचा ग्लास त्यांनी बाजूला सरकवला. "जुईली, मी खोटं बोललो. नियमबियम नुसतं निमित्त होतं. मला भीती वाटली आणि मी खोटं बोललो. चूक झाली माझी. चांडाचं वर्ष माझ्यामुळे गेलं."

"हो, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माहीत आहे मला." मग म्हणाली, "बरं झालं, बोललात. आईला द्या."

त्यांनी फोन दिला आणि बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ओढून बसले. आतून लीनाताईंचा आवाज येत होता. "अगं बाई! ... सगळ्या भिजल्या? ... मग, छप्पर कुणी धरलं? ... हो का! ... आणि ती काय म्हणाली?" मध्येच त्या मोठ्यानं हसल्या. ऐकू येईल तेवढ्या अर्ध्या बोलण्यावरून राजाभाऊ पलीकडचं अर्धं जुळवत बसले. पाऊस झाला असणार. पत्रा उडाला असणार. मुली कोण कोण होत्या, काही कळेना.

लीनाताई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणत होती?"

"मजा झाली म्हणे वर्गात. एक मुलगी आहे, नाव काहीतरी... मु का म, माझ्या लक्षातच राहत नाहीत ती नावं."

"मवापे?"

"असेल."

"गणिताचं काही बोलली? नव्या सातवीचं? चांडा परतली का?"

"ते मी नाही विचारलं. तुम्हीच विचारा ना तिला."

"विचारीन पुढच्या शुक्रवारी," राजाभाऊ म्हणाले. पुढच्या शुक्रवारीही त्यांनी तब्येत विचारली, पाऊस विचारला आणि फोन लीनाताईंच्या हातात दिला.