आठ कोट, एक माप

आम्हाला डेटाबेस शिकवणाऱ्या सरांनी आयुष्यात कधी कुणाची ऑर्डर घेतली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलेन ते कुणाला उद्धट वाटणार नाही. वाटलं तरी माझी हरकत नाही.

मी वीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली. छापखाना बंद पडला तेव्हा मला त्रेचाळिसावं लागलं होतं. मग काम सुटलेल्यांसाठी निघालेल्या संगणकाच्या वर्गात नाव घातलं. अकरा आठवडे शिकायचं आणि शेवटी प्रकल्प करायचा: एखादं दुकान निवडा, त्याच्या ऑर्डरी घेणारं अॅप बनवा, मागे डेटाबेस पाहिजे आणि आत खऱ्या ऑर्डरी पाहिजेत. नुसतं पास होऊन भागणार नव्हतं. सर ज्याला शिफारसपत्र देत त्यालाच कंपन्या दारात उभं करत. मला ते पत्र हवं होतं. बायको रुग्णालयात पाळ्या करून घर ओढत होती आणि राहत होतो आम्ही सासूबाईंकडे. घरजावयाला कुणी टोचून बोलावं लागत नाही. कुणी काही बोललं नाही तरी त्याला सगळं ऐकू येतं.

सासूबाईंचं शिवणाचं दुकान खालच्या मजल्यावर. दवाखाने, प्रयोगशाळा, हॉटेलं यांचे कोट आणि एप्रन तिथे शिवले जात. चार मशिनी, एक लांबलचक टेबल आणि कापड कापणारे एक मास्तर, जे माणसांपेक्षा कात्रीशी जास्त बोलत. ऑर्डरी एका लांब वहीत. मी म्हटलं, दुकान शोधत वणवण कशाला करू, घरातच आहे. वहीला काय धाड भरलीय, असं सासूबाईंनी विचारलं. पण लेकीने डोळे वटारले तशी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

त्या वहीत प्रत्येक कपड्यापुढे त्याचं माप नव्याने लिहिलेलं असे. एकच गिऱ्हाईक दहा वेळा आलं तर दहा वेळा छाती, खांदा, बाही, उंची. मी आधी तसंच्या तसं उतरवलं: डेटाबेसमधल्या ऑर्डरीच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, प्रत्येक कपड्यापुढे मापाचे रकाने. तिसऱ्या आठवड्यात सरांनी माझा आराखडा बघितला आणि शिळी भाजी ताटात पडावी तसं तोंड केलं. एकाच माणसाचं माप पुन्हा पुन्हा का लिहिता, असं विचारून त्यांनी वर्गाला अर्धा तास सुनावलं. एक गोष्ट एकाच जागी, हा डेटाबेसचा पहिला धडा. माप गिऱ्हाइकाचं, तर ते गिऱ्हाइकाच्या टेबलात जाणार. मी मुंडी हलवली. नुसती हलवली नाही, मनातून पटलं मला. चाळीस वर्षं सासूबाई एकच गोष्ट गिरवत बसल्या, याचं घरी येऊन हसूही आलं. रकाने उचलून गिऱ्हाइकाच्या टेबलात टाकले. सरांनी आराखडा मंजूर करून सही ठोकली.

आठव्या आठवड्यात दातांच्या दवाखान्याची ऑर्डर आली. आठ जणांचे आठ पांढरे कोट. सासूबाई स्वतः जाऊन मापं घेऊन आल्या, वही माझ्याकडे दिली आणि अस्तर आणायला बाजारात गेल्या. गिऱ्हाईक: दातांचा दवाखाना. मी पहिलं माप भरलं. दुसरं भरलं, अॅप म्हणालं, माप अद्ययावत झाले. तिसरं भरलं, पुन्हा तेच. किती गुणी पोर आहे, असं मला त्या अॅपबद्दल वाटत होतं. आठही मापं भरून मी आठ चिठ्ठ्या छापल्या आणि मास्तरांच्या हातात दिल्या. वर शहाणपणा केला तो वेगळाच: यापुढे वही उघडायची नाही, डोकं चालवायचं नाही, चिठ्ठीवर असेल तेवढंच कापायचं.

सासूबाई परतल्या तेव्हा टेबलावर आठ कोटांचे तुकडे रचून ठेवलेले. एरवी मास्तरांना त्याला अख्खा दिवस लागतो. त्या दिवशी तासाभरात झालं होतं, कारण मास्तरांनी कापडाचे आठ थर एकावर एक घालून एकदाच कात्री फिरवली होती. सासूबाईंनी वरचा पाठीचा तुकडा उचलला, आपल्या पोटाशी धरला आणि खालीच बसल्या. ते माप दवाखान्यात नावं पुकारणाऱ्या मुलीचं होतं. चिमणीएवढी पोरगी. गिऱ्हाईक एकच, म्हणून प्रत्येक नव्या मापाने आधीचं पुसलं होतं; सगळ्यात शेवटी तिचं भरलं होतं, म्हणून आठही चिठ्ठ्यांवर तेच. डॉक्टर स्वतः दारातून आडवा होऊन शिरणारा माणूस.

मी मास्तरांवर ओरडलो. आठ माणसांची छाती सारखीच कशी असेल, असा प्रश्न पडला नाही का तुम्हाला?

"पडला की," मास्तर म्हणाले. "पण तुम्हीच म्हणालात डोकं चालवू नका. मी म्हटलं, बरंय, आज सुट्टी."

सासूबाईंनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या शांतपणे उठल्या, पाणी प्यायल्या आणि दवाखान्यात फोन करून महिन्याभराची मुदत वाढवून घेतली. मी माझी बाजू मांडायला लागलो की प्रत्येकाला वेगळं गिऱ्हाईक करून टाकतो, एका मिनिटाचं काम आहे. त्यांनी मला मधेच तोडलं.

"जावईबापू, ती पोरगी उद्या नोकरी सोडून गेली तर तिला तुम्ही गिऱ्हाईक म्हणून सांभाळणार का? आणि डॉक्टर कामाचा कोट स्वेटरवर घालतो, समारंभाचा अंगाला बसता मागतो. माणूस तोच, मापं दोन. माप माणसाचं नसतं हो, त्या कपड्याचं असतं. म्हणून कपड्यापुढे लिहायचं."

चाळीस वर्षं गिरवत बसलेली बाई मला दोन वाक्यांत डेटाबेस शिकवून गेली. मी पहिल्यांदा केलेलं तेच बरोबर होतं आणि ते मी सरांच्या एका तोंडापायी मोडलं होतं. राग कुणाचा जास्त येत होता, सरांचा की माझा, ते आजही सांगता येणार नाही.

दोन दिवसांत मी मापाचे रकाने परत ऑर्डरीच्या टेबलात आणले आणि सरांकडे गेलो. आठ कोटांची कथा सांगितली. त्यांनी ऐकली, हसलेही. मग म्हणाले, आराखडा मंजूर झालाय, मंजुरीनंतर बदलला तर शिफारस मिळत नाही, नियम आहे. मी म्हटलं, चूक आहे त्यात, आणि ती तुम्ही सुचवलेली आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. दुकानात काय वापरायचं ते वापरा, म्हणाले, मला मंजूर झालेलं दाखवा, विषय संपला. म्हणजे ज्याने कापड वाया गेलं ते दाखवून पत्र घ्यायचं, आणि ज्याने काम होतं ते घरी लपवायचं.

बायकोला विचारलं. ती पाळीवरून येऊन पाय सोडून बसली होती. पत्र घे आणि मोकळा हो, एवढंच म्हणाली. तिचं चूक नव्हतं. मी दोन्ही अॅप तयार ठेवली आणि सादरीकरणाच्या दिवशी खिशात मापाची टेप घालून गेलो.

तिथे सर गिऱ्हाईक होणार आणि आपण त्यांची ऑर्डर घेऊन दाखवायची, अशी पद्धत. मी आधी मंजूर झालेलं अॅप उघडलं. माप काहीही टाका, सर म्हणाले. काहीही टाकून कापड कापत नाहीत, असं म्हणून मी त्यांना उभं केलं आणि वर्गासमोर टेप लावली. छाती बेचाळीस, पोट सेहेचाळीस. भरलं. मग म्हटलं, सर, त्याच खात्यावर तुमच्या मुलासाठी पण एक कोट सांगा. मुलगा सहावीत होता. त्याची छाती सव्वीस धरली, भरली. मग सरांच्या कोटाची चिठ्ठी छापून त्यांच्या हातात दिली.

छाती सव्वीस.

मागच्या बाकावर एक जण फिसकन हसला आणि मग सगळा वर्ग सुटला. सर हसले नाहीत. मी दुसरं अॅप उघडून तीच ऑर्डर पुन्हा घेतली आणि दोन बरोबर चिठ्ठ्या काढून दिल्या. त्यांनी दोन्ही नीट वाचल्या. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं: उत्तीर्ण. त्याखाली: मंजूर आराखड्यात बदल, शिफारस नाही.

बाहेर पडताना ते जिन्यात भेटले आणि हळूच म्हणाले, तुमचं बरोबर होतं, पण नियम मी एकट्यासाठी मोडू शकत नाही. मी म्हटलं, सर, हे वर्गात म्हणाला असतात तर मी तुमचा कोट फुकट शिवून दिला असता. ते उतरून गेले. पत्राशिवायच्या प्रमाणपत्राला कंपन्यांच्या दारात कोण विचारतो? कुणीच नाही. तीन ठिकाणी जाऊन बघितलं, तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न पत्राचाच.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने प्रमाणपत्र हातात घेऊन शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, निदान हाकलून तरी दिलं नाही. सासूबाईंनी तर विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वही घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. दवाखान्याची नवी कापडं आली होती. मास्तरांना चिठ्ठ्या पाहिजेत, म्हणाल्या, वहीतलं माझं अक्षर आता त्यांना दिसत नाही.

मी आठ कोट भरायला घेतले, प्रत्येकापुढे त्याचं माप. त्या खांद्यावरून बघत होत्या. डॉक्टरच्या कोटाशी आल्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा डावखुरा आहे. खिसा उजवीकडे पाहिजे. ते कुठे लिहायचं?"

तसा रकानाच नव्हता. मी कपाळावर हात मारला. तुमच्या वहीत तरी कुठे आहे, मी विचारलं. वहीत नाही, माझ्या डोक्यात आहे, त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. आणखी काय काय आहे डोक्यात ते एकदाच सांगून टाका, असं मी वैतागून म्हटलं. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि बटणांपासून सुरुवात केली.