मला बंबात घालायचं ठरलं तेव्हा

मी एक भयकादंबरी आहे. जगबुडीची. माझ्या पानांत सगळं जग मरतं आणि मेलेले पुन्हा उठून चालू लागतात. काळ्या मुखपृष्ठावर लाल हात आहे. तो बघून लोक मला कुतूहलाने उचलतात आणि पालथी करून ठेवून देतात. वसईच्या पुस्तक प्रदर्शनात मी अशीच धूळ खात पडले होते. निर्मळ गावच्या भाविका नावाच्या सुनेने मात्र पहिलं पान उभ्याउभ्याच वाचलं आणि मला पिशवीत टाकलं.

तिच्या सासरी मोगऱ्याची वाडी. दुपारी ओटीवर तिच्या सासूबाई यशोदा, शेजारची टिफनी आणि ती गजरे ओवायला बसतात. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून एकीने वाचायचं आणि तिच्या वाट्याचे गजरे बाकीच्यांनी ओवायचे, ही त्या घरची जुनी रीत. आजवर तिथे व्रतकथा आणि सासू-सुनांच्या गोष्टी चालायच्या. मी आले आणि ओवणारे हात मध्येच थांबू लागले. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. घाबरवणं हाच माझा धर्म.

माझ्यातल्या मेलेल्यांना दिसत नाही. ते काळोखात फुलांच्या वासावर येतात. आता मोगऱ्याच्या वाडीत वाचायला याहून वाईट गोष्ट कोणती असणार? कळी खुडायची ती उजाडण्याआधी, मिटलेली असतानाच. ते प्रकरण वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे यशोदाबाई कंबर धरली म्हणून पडून राहिल्या. टिफनीने डोकं दुखत असल्याचा निरोप धाडला. भाविका दारापर्यंत जाऊन परत आली. प्रत्येकीला वाटलं, दुसरी जाईल. उजाडलं तेव्हा अख्खी वाडी उमलून पांढरी झाली होती. उमललेला मोगरा बाजारात कोण विचारतो? फुलं न्यायला आलेला टेम्पो रिकामा गेला.

सासरे आत्माराम तसे शांत गृहस्थ. त्या दिवशी त्यांनी मला दोन बोटांच्या चिमटीत उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं. "उद्या पण कळी राहिली, तर हे पुस्तक बंबात," एवढंच बोलले. आंघोळीचं पाणी तापवायचा बंब मागच्या पडवीतच होता. माझ्या पानांत शहरंच्या शहरं जळतात, पण स्वतः जळायची कल्पना मला सोसेना.

दुपारी टिफनी म्हणाली, राहू दे ते, दुसरं काहीतरी वाच. भाविकाने ऐकलं नाही. तिने माझं शेवटचं प्रकरण काढलं. जगात उरलेली एकटी बाई दार उघडते, उंबऱ्यावर बसते आणि मेलेल्यांची वाट बघते. तिथे मी संपते. भाविकाने मला मांडीवर पालथं ठेवलं.

मग यशोदाबाईंनी विचारलं, "कशी वाटली गं तुला?"

"भीती घालायला एक नंबर आहे, आई. वासाचं ते प्रकरण तर विचारूच नका. पण शेवट मला नाय पटला. इतकं सोसून ती बाई बसून कशी राहील? लिहिणारा दमला, म्हणून तिला पण बसवून मोकळा झाला."

"मग काय करेल ती?" टिफनीने विचारलं.

"घाबरेल. पण उठेल. उद्या मी जाते खुडायला. कोणी नाय आलं तरी जाते."

मला राग आला. माझ्या शेवटाची स्तुती मागच्या मुखपृष्ठावर छापलेली आहे. पण माझ्यातल्या बाईसाठी असं कुणी भांडलं नव्हतं, हेही खरं.

पहाटे तिने टोपली काखेत मारली आणि मलाही घेतलं. घाबरवलंस तू, आता तू पण चल, म्हणाली. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मला बांधावर ठेवून ती खुडू लागली. इतक्यात मागे पाचोळा वाजला. ती खुडायची थांबली, आणि मला माझ्यातलीच सगळी प्रेतं आठवली.

"मी आहे गं," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या मागून मोबाईलचा उजेड पाडत, प्रार्थना पुटपुटत टिफनी येत होती. त्या दिवशी टेम्पो भरून गेला.

आता मी ओटीवरच्या फळीवर असते. फुलं ओवून ओलावलेल्या हातांनी माझी पानं फुगली आहेत. परवा आत्माराम मला गुपचूप वाचत बसले होते. तेही भर दुपारी.

माझा शेवट मला बदलता येत नाही. ती बाई अजून उंबऱ्यावर बसलेली आहे. मी तुमच्या हाती आले तर खुशाल घाबरा, पण तिला तिथे सोडून मला मिटू नका. हात द्या आणि उठवा तिला.